बालीगंजची झाडे आणि चार फोटो

झाडाचा फोटो काढण्याइतके सोपे काम नाही, असे कोणालाही वाटेल. झाड पळत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेतून कोणाच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगे धरत नाही. तरी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बालीगंजला झालेल्या झाडांच्या छायाचित्र स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांत आलेल्या बऱ्याच प्रवेशिका परत गेल्या. ते फोटो वाईट नव्हते. काही तर कॅलेंडरवर छापावेत इतके सुंदर होते. परत पाठवताना मागे एकच शेरा होता : ‘हे कोणते झाड?’

ती स्पर्धा कशी होती, तिचे नियम तसे का होते आणि आपल्या शाळेत ती कशी घेता येईल, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

बाबांची बदली कोलकात्याला झाल्यापासून माझी मोठी सुट्टी बालीगंजला जाते. बालीगंज हा दक्षिण कोलकात्याचा जुना भाग. एका अंगाला गडियाहाटचा गजबजलेला बाजार, दक्षिणेला रवींद्र सरोवर आणि मध्ये जुन्या बंगल्यांच्या व नव्या इमारतींच्या गल्ल्या. इथल्या प्रत्येक गल्लीच्या समूहाला ‘पाडा’ म्हणतात. आपल्याकडची आळी म्हणा ना. प्रत्येक पाड्याचा एक क्लब असतो. तो दुर्गापूजेचा मांडव घालतो, कॅरमचे सामने घेतो, रक्तदान शिबिर भरवतो. आमच्या पाड्याच्या क्लबने मे महिन्यात ही स्पर्धा भरवली आणि निकाल ५ जूनला, पर्यावरण दिनी, लावायचा ठरवला. विषय होता ‘आपल्या पाड्यातली झाडे’. वयाची अट नव्हती, मोबाइलचा कॅमेरा चालणार होता आणि प्रवेश फी नव्हती.

नियम मात्र कडक होते. एका प्रवेशिकेत एकच झाड, पण फोटो चार : पूर्ण झाड, खोडाची साल, डहाळीवरची पाने आणि फूल किंवा फळ. सोबत एक अर्ज. त्यात झाडाचे नाव (बंगालीत आणि जमल्यास आणखी एका भाषेत), नेमकी जागा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, आणि शेवटचा रकाना ‘या झाडाचा उपयोग कोण करते?’ डहाळी तोडायची नाही, कोणाच्या कुंपणावर चढायचे नाही, फोटो याच वर्षीचा हवा. परीक्षक होत्या वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळा पाडा ‘दीदीमणी’ म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो. शेरे लिहिणाऱ्या त्याच.

आता चार फोटो का, ते पाहू. आपल्या फील्डक्राफ्टच्या तासाला झाडांच्या दोनच जाती असतात : ‘एकटे झाड’ आणि ‘गोल माथ्याचे झाड’. लक्ष्य दाखवण्यासाठी तेवढे पुरते. पण दुरून काढलेल्या फोटोत आंबा, बकुळ, जांभूळ ही तिन्ही ‘गोल माथ्याची झाडे’च दिसतात. झाडाची खरी ओळख जवळ गेल्यावर पटते, आणि ती बहुतेक वेळा पानात असते.

पानांचा फोटो काढताना एका पानाला महत्त्व नाही, पाने डहाळीवर बसली कशी आहेत याला आहे. कदंबाची पाने समोरासमोर जोडीने येतात. बकुळीची एकाआड एक येतात. सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, तर डहाळीच्या एकाच जागी चक्राकार पाने मांडून बसते, बहुधा सात, कधी पाच-सहाही. हे झाड पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरही खूप लावलेले आहे. बंगालीत त्याला ‘छातिम’ म्हणतात आणि ते पश्चिम बंगालचे राज्यवृक्ष आहे. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘स्कोलारिस’ या शब्दाचा संबंध शाळेशी आहे, कारण पूर्वी त्याच्या लाकडाच्या पाट्या करत. शांतिनिकेतनला पदवीदान समारंभात या झाडाची पाने देण्याची प्रथा आहे. एका पानाचा फोटो काढला तर यातले काहीच कळत नाही. डहाळी दाखवली की शाळेतल्या मुलालाही कळते.

फुलाचा फोटो सगळ्यांना आवडतो. त्याची अडचण अशी की फूल वर्षातून थोडे दिवस असते. वडा-पिंपळाचा फोटो काढणाऱ्यांची तर पंचाईतच झाली, कारण त्यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. उंबराचेही तसेच. बऱ्याच दिवसांनी घरी येणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल’ का म्हणतो, ते मला तिथे दीदीमणींना समजावून सांगता आले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

नावाच्या रकान्यातही मोठी गंमत होती. मी ताम्हणाचा फोटो दिला होता. महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून ते आपल्या सामान्यज्ञानाच्या पेपरात हमखास येते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते मे महिन्यात जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांनी भरले होते आणि तिथे त्याचे नाव होते ‘जारुल’. आपला बहावा तिथे ‘बांदर लाठी’, म्हणजे वानराची काठी. त्याच्या लांब काळ्या शेंगा पाहिल्या की नाव पटते. काटेसावर तिथे ‘शिमुल’, गुलमोहर ‘कृष्णचूडा’. सगळ्यांत फसवे नाव ‘देबदारू’. आपण देवदार म्हणतो तो हिमालयातला सूचिपर्णी वृक्ष, आणि कोलकात्यात देबदारू म्हणतात तो आपला खोटा अशोक, बंगल्याच्या फाटकापाशी उंच सरळ उभा असलेला, लांब लाटेदार पानांचा. पत्राने ‘दारात देबदारू आहे’ असे कोणी कळवले तर मराठी माणूस बर्फ शोधेल. म्हणून अर्जात दोन भाषांतली नावे होती, आणि म्हणूनच नावाबरोबर चार फोटो लागतात. नावे भाषेप्रमाणे बदलतात, पाने बदलत नाहीत.

‘आपली झाडे’ म्हणजे कोणती, यावरून क्लबात एक भांडणही झाले. काही दादांचे म्हणणे होते की गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतला, ही झाडे स्पर्धेत नकोत. दीदीमणींनी निकाल दिला : पाड्यात उभे आहे ते पाड्याचे. मात्र मूळ कुठले ते अर्जात लिहायचे. मला हे पटले. मेसमधली मिरची आणि बटाटा दोन्ही अमेरिका खंडातून आले आहेत, आणि त्यांना परत पाठवण्याची मागणी मी आजवर एकाही कॅडेटच्या तोंडून ऐकलेली नाही. दुसऱ्या बाजूचेही म्हणणे मात्र खोटे नाही. आयनॅचरलिस्ट या जगभर वापरल्या जाणाऱ्या निसर्गनोंदींच्या अॅपवर, माणसाने लावलेले झाड ‘लागवडीचे’ म्हणून वेगळे नोंदवावे लागते आणि संशोधनासाठीच्या वरच्या दर्जात ते मोजले जात नाही. म्हणजे शास्त्रज्ञांच्या मोठ्या यादीत रस्त्यावरच्या गुलमोहराची जागा मागच्या बाकावर. त्याची नीट नोंद ठेवायची तर ती पाड्यातल्या लोकांनीच ठेवायला हवी.

ती का ठेवायला हवी, हे एका प्रवेशिकेने सगळ्यांना दाखवले. ती नियमात बसत नव्हती.

आमच्या मागच्या इमारतीत एक आजोबा राहतात. पाड्यातली मुले त्यांना ‘जेठू’ म्हणतात. जेठूंनी एक जुना काळा-पांढरा फोटो आणून दिला. त्यांच्या लग्नाचा. दारात नवरा-नवरी, करवल्या, एक अॅम्बॅसेडर गाडी, आणि मागे अर्धे चित्र व्यापणारे एक झाड. ते झाड आता नाही. ते २० मे २०२०ला पडले.

त्या दिवशी अम्फान चक्रीवादळ सुंदरबनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि संध्याकाळी कोलकात्यावरून गेले. ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचा वारा शहरात तासन् तास घोंगावत होता. रात्रीत हजारो झाडे पडली. रस्ते बंद झाले, विजेच्या तारा तुटल्या, आणि वर कोरोनाचे लॉकडाउन. महापालिकेची माणसे अपुरी पडली, तेव्हा राज्य सरकारने सैन्याची मदत मागितली. २३ मेला सैन्याच्या पाच तुकड्या कोलकाता आणि परिसरात पाठवल्या गेल्या. टॉलीगंज, बेहाला यांच्याबरोबर एक तुकडी बालीगंजलाही होती. जवानांकडे झाडे कापण्याची आणि रस्ता मोकळा करण्याची यंत्रे होती. पाड्यातले लोक अजून सांगतात, ‘फौज आली आणि रस्ता दिसला.’ हे ऐकताना मला अर्थातच बरे वाटते.

पण रस्ता मोकळा करताना झाडाचे तुकडे होतात. ते करावेच लागते, कारण रुग्णवाहिका पलीकडे अडकलेली असते. करवत चालवणारा जवान ‘हे कोणत्या जातीचे, घेर किती’ असे लिहीत बसू शकत नाही. ट्रक भरून लाकूड गेले की उरतो फुटपाथमधला एक खड्डा, आणि काही महिन्यांत तोही सिमेंटने बुजतो.

जेठूंचा फोटो टेबलावर ठेवून आम्ही सगळे त्यावर वाकलो. झाड कोणते? जेठू म्हणाले कृष्णचूडा. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, छे, राधाचूडा, पिवळी फुले पडायची. राधाचूडा म्हणजे पेल्टोफोरम, आपल्याकडे ज्याला सोनमोहोर किंवा ताम्रशेंग म्हणतात ते. आता रंग पाहिला असता तर भांडण एका क्षणात मिटले असते, लाल की पिवळा. पण फोटो काळा-पांढरा. पाने पाहावीत, तर दोघांचीही पाने पिसासारखी, बारीक पानांच्या दुहेरी रांगांची. दुरून एकसारखीच. दीदीमणी म्हणाल्या, ‘शेंगा शोधा.’ गुलमोहराची शेंग हातभर लांब, तलवारीसारखी, लोंबणारी. पेल्टोफोरमची शेंग बोटाएवढी, चपटी, तांब्याच्या रंगाची, झुपक्याने वर उभी. मोबाइलने फोटो मोठा मोठा करत आम्ही फांदी फांदी पाहिली. लग्नाच्या फोटोग्राफरने फोकस नवरीवर धरला होता, जे योग्यच आहे. मागचे झाड पुसट. शेंगा असतील तर दिसल्या नाहीत.

ज्या झाडाखाली पन्नास वर्षे एका घराची ये-जा झाली, ते कोणते होते हे त्या घरातल्या दोन माणसांना एकमताने सांगता आले नाही. त्याचे उत्तर आजही मिळालेले नाही. क्लबने तो फोटो स्पर्धेबाहेर ठेवून प्रदर्शनात लावला आणि खाली लिहिले : ‘कृष्णचूडा किंवा राधाचूडा’.

झाडे एवढी का पडली, याबद्दल दीदीमणींनी सांगितलेले थोडक्यात असे. कोलकाता गाळाच्या जमिनीवर वसलेले, पाणी फार खोल नाही, त्यामुळे मुळे खोल न जाता आडवी पसरतात. त्यात एका बाजूने केबलसाठी चर खणला जातो, दुसऱ्या बाजूने फुटपाथचे सिमेंट थेट खोडाला भिडवले जाते. वर पसरलेला छत्रीसारखा डोलारा आणि खाली तोडलेली मुळे. वाऱ्याने उलथायला आणखी काय हवे? गुलमोहर आणि राधाचूडा यात आधी जातात. उन्मळलेली काही झाडे फांद्या छाटून पुन्हा उभी केली गेली. खोडाचा घेर मोजायला गेलेल्या मुलांना यंदा हे सिमेंट डोळ्यांनी दिसले, कारण टेप गुंडाळायला बसायचे तर खोडापाशी मातीच नव्हती. काहींनी सालीच्या फोटोऐवजी तोच फोटो काढून दिला. तो नियमात नव्हता, पण घेतला गेला.

जुन्या फोटोचा आणखी एक उपयोग मला सुचतो. आपल्या महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. २०२१मध्ये त्यात बदल झाला आणि पन्नास वर्षे किंवा जास्त वयाच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ मानले जाऊ लागले. असे झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. झाड साठ वर्षांचे असेल तर साठ. पण झाडाजवळ जन्मदाखला नसतो. खोड न कापता वय काढायचे तर घेरावरून अंदाज करतात, आणि घेर जातीप्रमाणे व जमिनीप्रमाणे कमी-जास्त वेगाने वाढतो. घरातल्या लग्नाचा तारीख लिहिलेला फोटो असेल, तर निदान त्या तारखेला झाड तिथे होते आणि केवढे होते, एवढे तरी निर्विवाद सांगता येईल. पश्चिम बंगालमध्ये जंगलाबाहेरच्या झाडांच्या रक्षणासाठी २००६चा कायदा आहे. कोणताही कायदा झाला तरी त्याला आधी झाड कोणते आणि कुठे हे सांगावे लागते.

फोटो नव्हते तेव्हा लोक काय करत? याचे उत्तर बालीगंजहून विद्यासागर सेतू ओलांडला की शिबपूरला मिळते. तिथले आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यान १७८७ साली सुरू झाले, आणि ते सुरू करणारा माणूस सैनिक होता : ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नल रॉबर्ट किड. दुष्काळात उपयोगी पडतील अशी झाडे आणि जहाजांसाठी साग, असा त्याचा विचार होता. त्याच्यानंतर विल्यम रॉक्सबर्ग आला. त्याने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. या चित्रांत डहाळी, पाने, फूल उघडून आतले भाग, फळ, बी असे सगळे एकाच कागदावर असते. म्हणजे आमचे चार फोटो ही काही नवी युक्ती नाही. रॉक्सबर्गचे नाव आज शेकडो झाडांच्या शास्त्रीय नावापुढे लागते. ती चित्रे काढणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. मला हे जरा खटकले. झाडाचे नाव नोंदवायचे आणि चित्रकाराचे नाही, हा कसला हिशेब?

याच उद्यानात तो प्रसिद्ध वड आहे. अडीचशे वर्षांहून जुना. १८६४ आणि १८६७च्या चक्रीवादळांनी त्याला दणके दिले, मग मूळ खोडाला बुरशी लागली आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तरी झाड वाढतेच आहे, साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांवर. आमच्या स्पर्धेचा अर्ज त्याच्यासाठी भरायचा म्हटले तर ‘खोडाचा घेर’ या रकान्यात काय लिहिणार? खोडच नाही. आणि ‘पूर्ण झाड’ हा फोटो तर काढताच येत नाही. कुठेही उभे राहिले तरी समोर जंगल दिसते. आई म्हणाली, ‘हे बटालियन आहे, सैनिक नाही.’ याहून चांगले वर्णन मला जमले नसते.

आता काम कसे करायचे ते सांगतो. यात कॅडेट लोकांना थोडा फायदा आहे.

पूर्ण झाडाचा फोटो काढताना मागे जा, आणखी मागे जा. जवळ उभे राहून मोबाइल वर केला तर झाड मागे कललेले दिसते. रुंद भिंगाचा पर्याय वापरू नका, त्याने कडेच्या फांद्या ताणल्यासारख्या होतात. सूर्य पाठीमागे ठेवा, नाहीतर माथा काळा पडतो आणि आकाश पांढरे. सकाळी सातच्या आत काम झाले तर उत्तम. कोलकात्यात मे महिन्यात त्यानंतर माणूसही टिकत नाही. खोडाशेजारी एखादा माणूस उभा करा, म्हणजे आकार कळतो. सालीला तिरपा उजेड हवा, तरच भेगा दिसतात. पानांना उलट ढगाळ दिवस बरा, चकाकी येत नाही. काळबैशाखी, म्हणजे तिकडचा वळीव, येण्याआधी आभाळ भरून येते तेव्हा पानांचे फोटो सगळ्यांत छान आले. पण तेव्हा वाराही असतो, म्हणून एकाने डहाळी न ओढता नुसती स्थिर धरायची आणि मागे गडद वही धरायची.

घेर मोजायचा जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर. सगळ्यांनी तीच उंची धरली की दोन माणसांची मापे जुळवता येतात. टेप आडवी आणि ताठ हवी. माझ्या ताम्हणाचा घेर भरला ११० सेंटिमीटर. त्याला ३.१४ने भागले की खोडाची जाडी ३५ सेंटिमीटर. टेप नसेल तर सुतळी चालते, घरी जाऊन पट्टीवर मोजा.

उंचीसाठी झाडावर चढायची गरज नाही. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी घ्या. हात सरळ पुढे करून ती उभी धरा. मग मागे मागे जा, काठीचे खालचे टोक खोडाच्या बुंध्याशी आणि वरचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत. जिथे जुळेल तिथून झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची. हे अंतर मोजायला आपल्याकडे पावले आहेत. ड्रिलचे पाऊल तीस इंचांचे, म्हणजे ७६ सेंटिमीटर. वीस पावले भरली तर झाड साधारण १५ मीटर. गल्लीतून मी असा मोजून पावले टाकत जाताना चहावाल्याने ‘परेड नाकि?’ असे विचारले होते. जमीन सपाट हवी, हे लक्षात ठेवा. उतारावर ही युक्ती फसते.

निकाल लागला तो बऱ्याच जणांना अनपेक्षित होता. पहिले बक्षीस एका बकुळीला मिळाले. फोटो काढले होते बकुळीखाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्या काकांच्या मुलीने, जी सातवीत आहे. तिचा पूर्ण झाडाचा फोटो काही फार भारी नव्हता, वर तारा आल्या होत्या. पण चारही फोटोंत झाड ओळखू येत होते, आणि शेवटचा रकाना तिने मागची बाजू पुरवून भरला होता. सावली सकाळी कुठे असते, दुपारी गाडी किती पावले सरकवावी लागते, फुले पडतात तेव्हा कपडे झटकावे लागतात पण गिऱ्हाईक वास घेऊन खूश होते, पक्षी कोणते येतात, कोणते दोन म्हातारे कोणत्या वेळी येऊन बसतात. संध्याकाळच्या उजेडात गुलमोहराचा अप्रतिम फोटो काढणारा एक कॉलेजचा दादा नाराज झाला. त्याचेही म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. छायाचित्र स्पर्धेत छायाचित्राला मान हवाच. माझ्या मते त्याला वेगळे बक्षीस द्यायला हवे होते. पण पाड्याची झाडे नोंदवायची हा हेतू असेल, तर पहिला नंबर बरोबर गेला.

युरोपात २०११पासून ‘वर्षातला वृक्ष’ निवडण्याची एक स्पर्धा होते. कल्पना मूळची चेक प्रजासत्ताकातली. त्यातही सर्वांत जुने, उंच किंवा सुंदर झाड शोधत नाहीत, लोकांचे ज्याच्याशी नाते आहे असे झाड शोधतात. २०१५ साली एस्टोनियातल्या ओरिसारे गावचा एक ओक निवडला गेला. तो फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध उभा आहे. मैदान वाढवले तेव्हा तो ट्रॅक्टर लावून उपटायचा प्रयत्न झाला, पण तारच तुटली. आता खेळाडू त्याच्या भोवतीने खेळतात आणि कधी कधी त्याच्यावर चेंडू आपटून पासही देतात. आपल्या इंटर-हाऊस सामन्यांत असे झाड असते तर रेफ्रीचे काय झाले असते, याचा विचार करण्यासारखा आहे.

आपल्या शाळेच्या आवारात असे काम सुरू करायला काही अडचण नाही. प्रत्येक हाऊसने आपल्या बाजूची झाडे घ्यावीत. ज्यांना झाडांची नावे येत नाहीत त्यांनी माळीकाकांना विचारावे, त्यांना येतात. इतर भाषक मित्रांनी आपापल्या घरचे नाव अर्जात लिहावे. आमच्या एका वर्गातच पळसाची पाच नावे निघतील. मोबाइल आपल्याजवळ नसतो, म्हणून फोटोग्राफी क्लबचे दोन कॅमेरे रविवारी सकाळी पाळीने मिळाले तर चार-पाच रविवारांत काम होईल. फुलांसाठी मात्र वर्षभर थांबावे लागेल, कारण पळस उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो आणि सातवीण पावसाळा संपल्यावर.

पालकांना एक विनंती. तुमच्यापैकी काही जण याच शाळेचे माजी विद्यार्थी आहात. घरात जुना अल्बम असेल तर त्यातले फोटो एकदा माणसांसाठी न पाहता मागच्या झाडांसाठी पाहा आणि त्याची एक प्रत शाळेकडे पाठवा. मागे तारीख असेल तर फारच उत्तम. प्राचार्यांच्या ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात दरवर्षीच्या शेवटच्या वर्गाचे ग्रुप फोटो लावलेले आहेत. ते सगळे एकाच जागी, मेसच्या पायऱ्यांसमोर काढलेले आहेत. सुट्टीवरून परत आल्यावर मी ते ओळीने पाहिले. मागच्या रांगेच्या उजव्या टोकाला एक झाड आहे. सगळ्यांत जुन्या फोटोत ते शेवटच्या कॅडेटच्या खांद्याएवढे आहे आणि त्याला काठीचा आधार दिलेला आहे. हल्लीच्या फोटोंत फक्त खोड दिसते, माथा फ्रेमच्या वर गेला आहे. पाने दिसतील असा एकही फोटो त्यांत नाही. मी जाऊन पाहिले : सातवीण आहे, घेर १८४ सेंटिमीटर.